मोजणी

आश्विन उतरतीला लागला की
गोदापार्कच्या पायऱ्यांना पहाटे ओल्या शेवाळाचा वास येतो.
मी पहिल्या बसने उतरते. गळ्यात दुर्बीण,
पिशवीत वही आणि राजगिऱ्याचे दोन लाडू.
त्यातला एक गांगुर्डेंचा.
गांगुर्डे इथले वॉचमन.
पाखरांतलं आपल्याला काही कळत नाही म्हणतात,
पण "ताई, काल तुमची हळदीकुंकवं दिसली नाहीत"
असं सांगतात,
शेजारचं बिऱ्हाड गावाला गेल्यासारखं.

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
एकसारखी, एकसारखी, एकसारखी,
आणि मधेच एक,
शाई जरा उतरलेली,
आकडा केसभर सरकलेला.
ती बाजूला. लाल पेन्सिल. रद्द.
हजारांत जी वेगळी तीच पकडायची,
त्याचाच पगार होता.
सुटताना झडती, मग भोंगा, मग नाशिकरोडची भाजी.

आता पलीकडच्या पाणवेलीवर
वंचक बसलाय, चिखलाचं ढेकूळ होऊन.
उडाला की पांढराशुभ्र.
दर वेळी फसते मी.
मोडक्या पाइपावर पाणकावळे पंख वाळत घालून,
चार. नाही, पाच.
पुलाच्या कमानीखाली मुंगसाची शेपूट आली नि गेली,
ती कुठल्या रकान्यात घालायची?
पाखरं बंडलात राहत नाहीत.
पन्नासावर बोट ठेवावं, तेवढ्यात तुतवार उठतो,
किंचाळत पाण्याला चाटून जातो
आणि सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

हास्यक्लबवाले हात वर करून हसायला लागले
की टिटवी चिडते. रोज. सवय कशी ती होत नाही तिला.
मनपाची बोट पाणवेली ओढायला येते
तेव्हा हळदीकुंकवाची जोडी
नुसती थोडी सरकते,
पंगतीत उशिरा आलेल्याला जागा द्यावी तशी.

नाल्याच्या तोंडाशी फेस आहे. वास आहे.
त्या फेसाच्या कडेला धोबी आलेत.
गांगुर्डे म्हणाले, "लांबून येतात ना हो हे?
डोंगरापल्याडून?
आणि येऊन बसायचं कुठं, तर इथं."
मला उत्तर सुचलं नाही.
लाडू दिला.

पांढरे गाल, काळी गळपट्टी,
शेपटी खालीवर, खालीवर,
एकसारखे, एकसारखे, एकसारखे,
अंगठा आपसूक जिभेला लागला.
आणि मधेच एक.
डावा पाय पोटाशी दुमडलेला.
बाकीचे तुरुतुरु चालतात,
हा टुणकन, टुणकन.

वही मागे चाळली. गेल्या वसुबारसेच्या पानावर
माझंच अक्षर : "एक लंगडा, नाल्यापाशी."
हाच कशावरून?
पायात वाळं नाही, अंगावर नंबर नाही.
नसू दे.
शाई उतरलेली मला ओळखू येते.

उडायला पाय लागत नाही, मान्य.
पण उतरायला लागतो.
इथवर येताना किती वेळा उतरला असेल,
कुठल्या दगडावर, कुठल्या गारठ्यात,
आणि प्रत्येक वेळी
तेवढाच एक पाय पुढे करून.

मी दुर्बीण खाली घेतली.
काच धुरकटली होती, तोंडाच्या वाफेनं असेल.

"किती झाले आज?" गांगुर्डेंनी विचारलं.
धोबी, एकोणीस, लिहिलं.
त्याच्याखाली, नव्या ओळीवर : आणि एक.
लाल पेन्सिल अजून पिशवीच्या तळाशी असते.
तिनं त्या एकाभोवती गोल केला.

गांगुर्डे वहीत वाकून बघत होते,
मिशीत राजगिरा.
"त्याला कशाला वेगळं बसवता, ताई?
सरळ वीस लिहा की."